उंबरओढ्यावरची तार

घोडनदी
रविवार, ६ नोव्हेंबर २००५

गौतमी,

जयभीम. फोन तू ठेवून देतेस. पत्राचं तसं नसतं, फाडायचं म्हटलं तरी माणूस आधी वाचतो. म्हणून लिहायला बसलो.

वीस तारखेच्या रविवारी मी उंबरओढ्यात सहल काढतो आहे. काठाने नव्हे, पाण्यातून, वल्ही मारत. यंदा धरण भरलं आणि फुगवट्याचं पाणी ओढ्यात पार जुन्या फरशीपुलापर्यंत चढलं. दोन्ही अंगांना करंज, जांभूळ, उंबर, वेड्या बाभळी यांचं रान आणि मधून पाण्याची गल्ली. शिरूरात जन्म काढलेल्या माणसांनीही ते आतून पाहिलेलं नाही, कारण आत जाणारं वाहन नव्हतं. ते मी केलं.

बंद पडलेल्या गुऱ्हाळांच्या, रस आटवायच्या काहिली भंगारात निघाल्या होत्या, त्या उचलल्या. नुसत्या काहिलीत बसून धरण ओलांडणारे लोक आहेत, पण एकटी काहील पाण्यात गरगर फिरते, वल्हं डावीकडे मारा की उजवीकडे. मी दोन-दोन काहिली लोखंडी अँगलने जोडल्या आणि कडेला हवाबंद ड्रम बांधले. जोडकाहील फिरत नाही, उलटत नाही, नाकासमोर जाते. अशा तीन तयार आहेत. सणसवाडीच्या एका कंपनीतले इंजिनिअर बघायला आले होते. हे कुठल्या पुस्तकात आहे, म्हणाले. म्हटलं, अजून नाही.

आपल्या वस्तीतली माणसं येणार आहेत, सणसवाडीचे काही कामगार येणार आहेत. टेम्पोवाला रोहिदास बायकोपोरांसह येणार आहे. तुझा चुलतभाऊ विनोद दुसऱ्या काहिलीचं वल्हं धरील. वल्ही मी सागाची केली आहेत. विनोद म्हणत होता बांबूला पत्रा ठोकू. मी त्याला दुकानाबाहेर काढला.

तू सम्यकला घेऊन ये. मी त्याला पाहिलेलं नाही. धाकटीच्या, मोनालीच्या मोबाइलमध्ये दिसतो तो शेंगदाण्याएवढा, त्याला पाहणं म्हणत नाहीत. त्याच्या वडिलांनाही आणायला हरकत नाही. हे वाक्य मी कसं लिहिलं असेल ते तुला कळेल.

तू न विचारता लग्न केलंस तेव्हा मी म्हणालो होतो की दुकानाची पायरी चढू नकोस. तू म्हणालीस, नाही चढणार. सहल दुकानात नाही, ओढ्यावर आहे. तेव्हा माझा शब्दही राहतो आणि तुझाही.

तुझे वडील,
महेंद्र


घोडनदी
मंगळवार, १५ नोव्हेंबर २००५

गौतमी,

जयभीम. तुझं कार्ड मिळालं. सम्यकला पाण्याचं वेड आहे हे वाचलं, पुन्हा वाचलं. येण्याबद्दल तू हो लिहिलं नाहीस आणि नाहीही लिहिलं नाहीस. मी ते हो धरलं आहे.

काहील बुडेल का, असं मला सगळे विचारतात. तारांचं फक्त तू विचारलंस. माझ्या शेजारी बसून वाइंडिंग शिकलेली मुलगी दुसरं काय विचारणार.

तारा आहेत. खोटं लिहीत नाही. शेतकऱ्यांच्या फ्यूज-स्टार्टरच्या पेट्या एका काठाला, मोटरी पलीकडच्या काठाच्या डोहात, आणि मधली केबल बाभळीवरून बाभळीवर टाकलेली. उन्हाळ्यात त्या तारा खूप उंच दिसतात. यंदा पाणी वर आलं आणि तारा होत्या तिथेच राहिल्या. काही तर काहिलीत बसलेल्या माणसाच्या कपाळाशी येतात. काहील लोखंडाची. उघडी तार नुसती तिच्या काठाला टेकली तरी आतला एकही माणूस घरी जाणार नाही. हे मला माहीत आहे, म्हणून तर वीस तारीख निवडली. त्या आठवड्यात शेतीची थ्री फेज लाईट रात्रीची आहे. दिवसा तारा मेलेल्या.

त्यापुढे तू दोनच शब्द लिहिलेस, “आणि डबे?”

डब्यांचाही विचार केला आहे. दिवसा गावातल्या दिव्यांपुरती जी लाईट सोडतात, तिच्यावर कंडेन्सरचा डबा लावून मोटर ओढायची, ही आपल्या पट्ट्यातली रीतच झाली आहे. त्या काठचे डबे बहुतेक माझ्या हातचे आहेत. बोर्डाचे लोक नाक मुरडतात, पण माझा डबा लावून एकाचीही मोटर पाण्यावाचून उभी राहिली नाही. मी स्वतः बांधाबांधाने फिरलो. रविवारी डबा लावू नका, एक दिवस पिकाला उपास घडू द्या, असं सांगितलं. सगळे हो म्हणाले. सखूबाईने तर पोरांना वाटायला बोरं देते म्हणून सांगितलं.

एक बाळासो राहिला. त्याची तार सगळ्यात खाली आहे, उंबर पाण्यावर वाकलाय त्या वळणावर.

त्याच्याकडे मी गेलो नाही. उन्हाळ्यात त्याची मोटर जळली, मी भरून दिली, ती पुन्हा जळली. दोष व्होल्टेजचा. त्याने मार्केट यार्डात चार माणसांत सांगितलं की मिस्त्रीचं वाइंडिंग कच्चं. मी कोणाकडे शिकलो नाही. जळक्या मोटरी उलगडून, एकेक वेटोळं मोजून शिकलो. मला कोणी काही म्हणावं, पण कच्चं म्हणू नये. त्याच्या दारात मी विनंती घेऊन जाणार नाही. रोहिदास त्याच्या भावकीतला आहे, तो सांगेल. “सांगतो की मिस्त्री, त्यात काय,” असं म्हणाला आहे.

काल विनोद आणि रोहिदासला घेऊन एक फेरी मारून आलो. आत शिरलं की घोडनदीचा रस्ता, हॉर्न, सगळं मागे पडतं. फक्त वल्ह्याचा आवाज. सुगरणींची घरटी डोक्याशी लोंबतात. पाण्याखाली बुडालेल्या बाभळींचे शेंडे दिसतात, काटे शाबूत. उंबराच्या वळणावर एक मेलेला बगळा तरंगत होता, पाय आखडलेले. विनोद म्हणाला, तारेने मेला. मी म्हटलं, एका तारेवर बसलेला पक्षी मरत नाही, दुसरीकडे कुठेतरी टेकल्याशिवाय वीज अंगातून जातच नाही, हे शास्त्र आहे. त्याने वल्ह्याने बगळा बाजूला लोटला. रोहिदास मात्र परत येईपर्यंत मान खाली घालून बसला होता.

सम्यकला टोपी घाल. पाण्यावरचं ऊन लागतं.

तुझे वडील,
महेंद्र


घोडनदी
शनिवार, १९ नोव्हेंबर २००५

गौतमी,

फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, तेच. म्हणून हे पत्र दगडोबा कंडक्टरकडे देतो आहे. त्याची गाडी न्हावऱ्यावरून चौफुल्याला जाऊन भांडगावावरून पुढे मुक्कामाला जाते. तो तुझ्या नवऱ्याच्या दुकानात देईल.

उद्या येऊ नकोस. सम्यकला आणू नकोस.

कारण लिहितो. दुपारी शेवटचं बघून यावं म्हणून एकटाच वळणापर्यंत गेलो. मोटर चालू होती. तीन फेजवर मोटर गाते आणि डब्यावर कण्हते, तुला मीच शिकवलं आहे. ही कण्हत होती. बाळासोने डबा लावला आहे. तार पाण्यापासून फार तर कंबरेएवढ्या उंचीवर. मधोमध एक जोड आहे, त्याला टेप नाही, कॅरीबॅग गुंडाळली आहे, आणि ती वितळून काळी पडली आहे. बगळ्याला टेकायला काय सापडलं असेल ते मला आता दिसलं. ओली फांदी तिथे तारेवर पडली आहे.

काहील बांधून वर चढलो. बाळासो खोपटापुढे बाजेवर पडला होता, त्याची बायको रतनबाई शेवंती खुडत होती. त्याने मला पाहिलं. मी बांधावर उभा राहिलो. ‘या मिस्त्री’ एवढं जरी तो म्हणाला असता तरी मी पुढे गेलो असतो. त्याने कूस बदलली. मी उतरलो.

येताना रोहिदासला गाठला. म्हणाला, “इसारलो बगा. पर उद्या कशाला मोटर लावंल त्यो, उद्या रईवार हाय.” जसं काही शेवंतीला साप्ताहिक सुट्टी असते.

सहल मी रद्द करणार नाही. सणसवाडीची माणसं पहाटे निघणार आहेत, मटण सांगून ठेवलं आहे, वस्तीतल्या म्हाताऱ्या सोजराबाईने नवीन लुगडं काढून ठेवलं आहे. आणि रद्द करायची तर कारण सांगावं लागेल, आणि कारण बाळासो आहे. त्याच्यामुळे माझी काहील पाण्यात उतरली नाही, हे त्याला मी मिळू देणार नाही.

वाळका बांबू घेतला आहे, टोकाला मोटरसायकलची ट्यूब ताणून बसवली आहे. मी पहिल्या काहिलीत पुढे गुडघ्यावर बसेन आणि तार उचलून धरीन. तिन्ही काहिली खालून काढीन. माणसांनी तेवढं आडवं व्हायचं.

बाकीच्यांना काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर वळणावर कोणीतरी घाबरून उभं राहील, आणि उभं राहणं हेच सगळ्यात वाईट. नीट विचार करून मी हे ठरवलं आहे. मोनालीला ताप असल्याचं सांगून घरी ठेवतो आहे.

तू मात्र येऊ नकोस.

महेंद्र


घोडनदी
सोमवार, २१ नोव्हेंबर २००५

गौतमी,

जयभीम. सहल पार पडली. कोणाला ओरखडाही नाही.

सोजराबाई काहिलीत बसेना. म्हणाली, गूळ आटवायच्या भांड्यात मला कशाला घालता, मी काय उसाचं चिपाड आहे? आणि संध्याकाळी तीच उतरेना. सणसवाडीच्या कामगारांमध्ये बिहारकडचे दोघं होते. ते जन्मापासून नदीवर वाढलेले, त्यांनी माझं वल्हं हातात तोलून पाहिलं आणि एकमेकांकडे बघून मान हलवली. इंजिनिअरच्या शब्दापेक्षा मला ते जास्त वाटलं. विनोदची काहील सारखी बाभळीत घुसायची. रोहिदासची बायको सुवर्णा त्याला म्हणाली, दाजी, लायसन आहे का नाही? रानात शिरलो तेव्हा मात्र आपोआप सगळे गप्प झाले. लहान पोरंसुद्धा. ऊन पानांतून गळून पाण्यावर पडत होतं आणि वल्ह्यांचा आवाज पुढच्या झाडांवर आपटून परत येत होता. मला ते गप्प होणं आवडायला हवं होतं. मी वळणं मोजत होतो.

वळणाआधी मी सांगितलं, सगळ्यांनी आडवं व्हा, उंबराखालून जायचं आहे, हात आत घ्या. त्यांना खेळ वाटला. एकमेकांच्या पोटावर डोकी ठेवून हसत पडले. मी बांबू लावला आणि तार उचलली. एकामागून एक तिन्ही निघाल्या. येतानाही तसंच. दोन्ही वेळा मोटर चालू होती की नाही, मला सांगता येत नाही. हसण्याचा गलका होता. माझा कान पहिल्यांदाच मला नक्की काही सांगेना.

मटण संपलं, भाकरी उरल्या. वस्तीत कालपासून दुसरा विषय नाही. आज सकाळी इथल्या एका शाळेचे हेडमास्तर दुकानात आले. येत्या रविवारी सातवीची मुलं न्यायची म्हणतात. मी हो म्हटलं. हा आठवडा दिवसाच्या लाईटचा आहे, पण बांबू आहे.

मी उगाच घाबरवलं असं तुला वाटलं असेल. तुला सांगायला हवं होतं म्हणून सांगितलं. आता तू रविवारी ये. सम्यकला माझ्यापुढे बसवीन.

तुझे वडील,
महेंद्र


उंबरओढा, बाळासोचा ओटा
गुरुवार, २४ नोव्हेंबर २००५

गौतमी,

वरचा पत्ता बरोबर आहे. खोपटाच्या ओट्यावर बसून लिहितो आहे. कागद रतनबाईने दिला, कोणाच्या तरी वहीचा आहे, रेघा लाल आहेत.

परवा बाळासो दुकानात आला. आला म्हणजे पायरीखाली उभा राहिला. मी एका मोटरीचा स्टेटर भरत होतो, मान वर केली नाही. तो म्हणाला, “मिस्त्री, रईवारी तुमी माजी तार लई डौलात उचलली म्हनं.”

मी म्हटलं, उचलली.

“मेलेली तार उचलाय ट्यूब लावून बांबू कशाला लागतो?”

मग त्याने सांगितलं. उभ्याउभ्याच सांगितलं, आवाज न चढवता. तू रविवारी पहिल्या गाडीने आलीस. फाट्यावर उतरून, पोर काखेत घेऊन, चालत त्याच्या खोपटाशी गेलीस. त्याला मामा म्हणालीस. आजचा दिवस मोटर बंद ठेवा म्हणालीस. त्याने तुला विचारलं, “तुज्या बापाला त्वांड न्हाई का?” त्यावर तू म्हणालीस, “त्यांचं ते बघतील. मी माझ्यासाठी मागते.”

त्याने फ्यूज काढून तुझ्या हातात दिला. तू दिवसभर पेटीपाशी बसलीस, फ्यूज मुठीत धरून. आमच्या काहिली परत गेल्यावर तो त्याच्या हातात ठेवलास आणि संध्याकाळची गाडी धरलीस. त्याने तुला घरापर्यंत सोडतो म्हटलं होतं. नको म्हणालीस.

हे सांगून तो तिथेच उभा राहिला. मी काही बोलेन म्हणून वाट बघत होता, एवढं मला कळलं. मी वेटोळी घालत राहिलो. बऱ्याच वेळाने म्हणाला, “ह्या रईवारी मोटर चालूच हाय. फुलांचा तोडा हाय. कुनी इचारलं तर बगू.” आणि गेला. तो कोपऱ्यावर वळेपर्यंत हाक मारता आली असती. मी स्टेटर पुरा केला. मग उलगडून पाहिला तेव्हा वेटोळ्यांचा एक गट उलटा भरला होता. असं माझ्या हातून आजवर झालेलं नाही.

सोमवारच्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नाही. वळणावर सगळे आडवे पडलेले, मी तार तोलून धरलेली, तेव्हा सोजराबाईने पडल्यापडल्या विचारलं, “म्हेंद्रा, थोरली न्हाई आली व्हय? नातू बगायचा हुता तुजा.” मी तुला येऊ नकोस म्हणून कळवलं होतं, ते सांगितलं असतं तर का म्हणून विचारलं असतं. म्हणून मी म्हणालो, “बोलावलं होतं. तिला आता आपल्या माणसांत बसायची लाज वाटते.” मोठ्याने म्हणालो, मागच्या काहिलीपर्यंत जावं म्हणून. विनोद सोडून सगळे हसले.

पेटी त्या उंबरापासून किती लांब आहे ते आज मी पाहिलं. पाण्यावर खोकलं तरी इथे ऐकू येतं.

बाळासो सकाळी फुलं घेऊन गेला आहे, अजून आला नाही. मी सकाळपासून बसलो आहे. रतनबाईला म्हटलं, मालकांशी बोलायचं आहे. ती म्हणाली बसा, आणि चहा ठेवला. मी घेईना, तेव्हा म्हणाली, “तुमच्या लेकीलाबी हितंच दिला हुता. सकाळधरनं हसतखेळत हुती, पोराला फुलं तोडून देत हुती. तुमच्या काहिली खालनं गेल्या, तवापासनं कपाला हात न्हाई लावला. पोरगं पान्याकडं हात करत हुतं, त्येला छातीशी धरून बसली. म्या काय इचारलं न्हाई.”

तेव्हा तू ऐकलंस हे मला माहीत आहे. त्यावर लिहिण्यासारखं काही मला सापडत नाही. शब्दांच्या बाबतीत मी कच्चा नाही, पण सापडत नाही.

हेडमास्तरांना सकाळी चिठ्ठी दिली आहे. बाळासोची तार वर घेतल्याशिवाय आणि तो जोड माझ्या हाताने बांधल्याशिवाय एकही मूल पाण्यात जाणार नाही. कारणही लिहिलं आहे, बाळासोचं नव्हे, माझं. रविवारी बावीस माणसं मी न सांगता त्या तारेखालून नेली, असं. आता ते वस्तीत पोचलं असेल. सोजराबाईपर्यंतही. काहिली मी बाहेर काढून पालथ्या घातल्या आहेत, पण विनोद आज दुपारी कोणाला तरी घेऊन ओढ्यात जाणार होता असं आत्ता रतनबाईच्या तोंडून कळलं. मी यायच्या आधी त्याने एक काहील सरळ करून पाण्यात लोटली, तेव्हाच तो तिला बोलला होता. त्याला काही माहीत नाही. मी त्यालाही काही सांगितलेलं नाही.

मोटर चालू आहे. आज तीन फेजवर आहे, गाते आहे.

फ्यूज काढायला पेटीला कुलूप आहे, किल्ली बाळासोच्या करदोट्याला. खाली वळणाकडून वल्ह्याचा आवाज येतो आहे असं मला वाटतं. रतनबाई म्हणते येत नाही. बांधाच्या टोकाला बाळासोची सायकल दिसते आहे. मी त्याला आत्ता इथूनच हाक मारतो.